उजवं चाक

बुश निम्मा आत गेला आणि तिरपा होऊन बसला. सकाळपासूनचा हा तिसरा प्रयत्न. अंगठ्याएवढा जाड रबराचा तुकडा, मधे भोक — त्याला साबणाचं पाणी लावून झालं, लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोकून झालं, मग जड हातानं, मग तोंडाला येईल ते बोलून... हा आमच्याच घराण्यातला दिसतोय, असं त्याच्या मनात आलं आणि हसू ओठांपर्यंत येऊन परत गेलं.

गाडीचा पुढचा भाग उघडून आज नववा दिवस. डावीकडचं सगळं खोलून, घासून, पुन्हा जोडून झालं होतं, फक्त हा एक बुश तेवढा बसत नव्हता. आणि तो बसत नाही याचं खरं तर त्याला बरंच वाटत होतं, कारण तो बसला की उजवीकडे जावं लागणार होतं. डावं आधी, असं कुठं लिहिलंय? कुठंच नाही. पण नऊ वर्षं ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या गोष्टीला आणखी एखादा दिवस...

नऊ वर्षांपूर्वी ताई ही गाडी चालवत होती, वडील, म्हणजे अण्णा, शेजारी बसले होते, आणि पुलाच्या वळणावर गाडी कठड्यावर गेली. ताईला खरचटलं. अण्णांचं खुब्याचं हाड मोडलं ते मोडलंच. पुढची सहा वर्षं त्यांनी खाटेवर काढली आणि तिथूनच गेले. ताईनं पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. चार नातेवाईक जमले की कोणीतरी म्हणायचंच, वळणावर जरा बेतानं घ्यायचं असतं गं. ताई ऐकून घ्यायची. तोही ऐकायचा, आणि ‘जाऊ द्या ना आता’ म्हणून मोठेपणा मिळवायचा.

त्यानं हातोडी खाली ठेवली आणि उजव्या बाजूला जाऊन आडवा झाला.

चाक ज्या खुंटीवर पेललेलं असतं तिला खालून एक नट, आणि नट फिरून सुटू नये म्हणून खुंटीच्या भोकातून आरपार घातलेली, केसांच्या आकड्यासारखी एक पिन. डावीकडे ती होती. ती काढताना त्याचं नख मोडलं होतं. उजवीकडे खुंटी उघडी होती, ना नट ना पिन. त्यानं चिंधीनं वाळलेलं ग्रीस पुसलं. आटे शाबूत. धडकेनं नट उपटला असता तर आटे सोलवटून निघाले असते... म्हणजे तो तुटला नव्हता. तो सावकाश, आट्यामागून आटा, पंधरा दिवस उतरत आला होता.

अपघाताच्या पंधरा दिवस आधी, त्या रविवारी, हे काम मीच केलं होतं. कागदावर दोन पिना मांडलेल्या, हात बरबटलेले, आणि दारात ताई — अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून उतावीळ झालेली. “झालं का रे?” आणि मी म्हणालो, “झालं.” नंतर कागद गोळा करताना त्यात काहीतरी खुळखुळलं होतं... की हे मी आत्ता रचतोय? नाही. खुळखुळलं होतं.

“अजून तोच बुश?” ताई चहा घेऊन आली होती. उपड्या खोक्यावर बसत म्हणाली, “अण्णांनी दोन मिनिटांत बसवला असता, आणि पुढं दोन तास तुला ऐकवलं असतं.”

तो गाडीखालून बाहेर आला. ती मोडक्या बंपरकडे बघत होती, आणि गाडीजवळ आली की नेहमी म्हणायची तेच म्हणाली, “मी जरा हळू घ्यायला हवं होतं रे.”

“ताई, तुझं काही चुकलं नव्हतं.”

हे तो आधीही म्हणाला होता, पण या वेळी थांबला नाही. त्यानं तिला खाली वाकायला लावलं, बोट धरून ती खुंटी दाखवली, ते भोक दाखवलं, पिन कशासाठी असते ते सांगितलं. आणि ती कोणी घालायची राहिली तेही सांगितलं. आवाज आपला नव्हेच असा येत होता.

ताई बराच वेळ आट्यांवरून बोट फिरवत राहिली.

“अण्णांना माहीत होतं,” ती म्हणाली.

“त्यांना कसं माहीत असेल?”

“गाडी ओढून आणली तेव्हा गॅरेजवाले काका खाली वाकून बघत होते. अण्णा हॉस्पिटलमधून घरी आल्यावर ते भेटायला आले, दार लावून दोघं बोलले. आणि त्याच दिवशी अण्णा म्हणाले, गाडीला कोणी हात लावायचा नाही.” तिनं त्याच्या हातातली चिंधी घेऊन बोट पुसलं. “मला वाटलं, माझ्यावरच्या रागानं म्हणतायत.”

त्यानं चिंधी परत घेऊन तिची घडी घातली.

“सहा वर्षं त्यांना मी भरवत होते रे,” ती म्हणाली. त्यात आरोप नव्हता; जणू एखाद्या ओळखीच्या माणसाबद्दल नवीनच काही कळलं होतं आणि ते ती नीट लावून बघत होती.

तिच्या रागाची त्यानं नऊ वर्षं तयारी केली होती. ती रागावेल, रडेल, उठून जाईल... पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. काचेतून आत, अण्णांच्या रिकाम्या सीटकडे बघत होती. काहीतरी बोलायला हवं होतं — आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या छातीत, कुठंतरी खोल, एक ऊब पसरत चालली होती. अण्णांनी मला पाठीशी घातलं. सगळं कळूनही मला. त्यानं ती दाबून पाहिली, ताईच्या वाकलेल्या मानेकडे मुद्दाम बघून पाहिलं. ऊब कमी होईना.