काचेवरची तंबाखू

आमचे सुजितराव म्हणजे उपायांचं दुकान. आम्ही दोघं रोज मोशीहून चाकणला कामाला जातो, आणि पावसात गाडीच्या काचेवर आतून धुकं धरतं. त्यावर ह्यांचं रोज नवीन काहीतरी. आधी कापलेला बटाटा चोळला, मग शाम्पू. शेवटी माझ्याच ओढणीचं पोतेरं झालं. एसी मात्र लावायचा नाही, का तर पेट्रोल जळतं.

त्या दिवशी रिमझिम चालू होती. इंद्रायणीच्या पुलाच्या अलीकडे गाड्या तुंबलेल्या, आणि पुढचा टेम्पो म्हणजे काचेपलीकडे नुसता लाल ठिपका. फडकं शोधायला मी समोरचा कप्पा उघडला, तर हातात तंबाखूची पुडी आली.

उन्हाळ्यात ह्यांच्या गालाला आतून पांढरा डाग निघाला होता. डॉक्टरांनी बजावलं, तंबाखू बंद करा आणि महिन्याने परत दाखवा. ह्यांनी आमच्या पिंकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. महिन्याने एकटेच जाऊन आले आणि म्हणाले, "डाग गेला म्हणे. काही काळजी नाही."

"हे काय हो?" मी पुडी दाखवली.

"अगं, ती काचेसाठी! ट्रकवाले चोळतात. मग धुकं धरत नाही."

आणि चिमूटभर घेऊन ओल्या काचेवर खरंच चोळायला लागले की! पिवळट ओघळ आले, गाडीभर वास सुटला. पण खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. ट्रकवाल्यांचं मीही ऐकलं होतं. ते ओघळ पुसायला फडकं हवं म्हणून परत कप्प्यात हात घातला, तर तळाशी चुन्याची डबी.

"अहो, काचेला चुनापण लावतात का?"

सुजितराव आणखीच जोरात काच चोळायला लागले.

"काचेला नाही, मला लावलात चुना!"

त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली. बघता बघता सगळ्या काचा पांढऱ्या झाल्या, बाहेरचं काही दिसेना.

"मी गेलोच नव्हतो गं," ते म्हणाले. "दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरलो. डाग आहे तसाच आहे. भीती वाटते, विजू."

माझं तोंड चांगलं सुटणार होतं. पण कंपनीत दिवसभर फोर्कलिफ्ट चालवणारा एवढा मोठा बाप्या स्टिअरिंगला धरून रडायला लागल्यावर काय डोंबल भांडणार? माझेच डोळे भरून आले.

"मला काय भीती वाटत नाही? सोबत नेलं असतंत तर दोघं मिळून घाबरलो असतो."

त्यांनी बाहीनं डोळे पुसले. मी पुडी आणि डबी माझ्या पर्समध्ये टाकली.

"चावी फिरवा."

गाडी चालू झाल्यावर मी एसी लावला आणि काचेचं चित्र असलेलं बटण दाबलं. वारा थेट काचेवर आला. धुकं खालून वर विरत गेलं आणि समोरचा रस्ता दिसायला लागला.

"पेट्रोल..." ह्यांच्या तोंडून निघालंच.

"जळू दे. गाडी वळवा, दवाखान्यात जायचंय."

"आत्ता? आणि तुझी ड्यूटी? सुपरवायझरला काय सांगशील?"

"त्याला आज मी लावते चुना."