शालीत गुंडाळलेली बादली

मी एक जुनी बादली आहे, पण मित्रांनो, मला न्हाणीघरातली समजू नका. माझं झाकण घट्ट बसतं, झाकणात हवा बाहेर सोडणारी वाकडी नळी आहे आणि पोटावर तापमान दाखवणारी पट्टी चिकटवली आहे. माझ्यात बिअर आंबते. तुम्ही लहान आहात, तेव्हा त्या पेयाशी तुम्हाला काही कर्तव्य नाही. पण मी एका गोंधळात सापडले आहे आणि तो कोणाला तरी सांगावा असं मला फार दिवस वाटत होतं.

एका कारखान्यात साच्यातून माझा जन्म झाला. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरातल्या हेर वेंडेल यांनी, म्हणजे वेंडेल साहेबांनी, मला विकत आणलं आणि सव्वीस वर्षं सांभाळलं. ते मला मऊ फडक्याने पुसत. त्यांच्या गव्हाच्या बिअरची साऱ्या इमारतीत वाहवा व्हायची. ती ऐकून मीही फुगायचे, पण खरं सांगू? मला चव कळत नाही. पोटातलं चांगलं झालं की बिघडलं, हे मी आजवर लोकांच्या चेहऱ्यांवरूनच ओळखत आले.

पुढे त्यांचे हात कापू लागले. भरलेली बादली उचलवेना. दोन वर्षं मी तळघरात धूळ खात पडले आणि एका कोळ्याने माझ्या नळीत संसार थाटला. मला फार वाईट वाटलं. शेवटी त्यांनी मला वरच्या मजल्यावरच्या उर्जाला देऊन टाकलं.

उर्जा पुण्याची, इथल्या विद्यापीठात संशोधन करते. तिचा नवरा प्रसन्न सोमवार ते गुरुवार कामासाठी ड्युसेलडॉर्फला असतो. त्यांच्या आठ वर्षांच्या अन्वीला वेंडेल आजोबाच शाळेतून घरी आणत. त्यांचा ऐंशीवा वाढदिवस जवळ आला होता. त्या दिवशी तुमचीच बिअर तुम्हाला पाजते, असं उर्जा बोलून बसली आणि मग तिचा जीव टांगणीला लागला.

तिने मला चार वेळा धुतलं. उकळून गार केलेलं गोडसर पाणी माझ्यात ओतलं, यीस्ट घातलं आणि लगेच इंटरनेट उघडून बसली. एक जण लिही, झाकण उघडलंत की संपलंच. दुसरा लिही, उघडून पाहिल्याशिवाय कळणार कसं? ती माझ्यावर हात ठेवे, उचले, पुन्हा ठेवे. वेंडेल आजोबांनी मात्र एकच गोष्ट बजावली होती, वीस अंशांच्या वर जाऊ देऊ नकोस. म्हणून तिने मला घरातल्या गार बोळात ठेवलं.

त्याच आठवड्यात तिच्या सासूबाई, स्नेहलताबाई, पुण्याहून आल्या होत्या. प्रसन्नने फोनवर सांगून ठेवलं होतं, आईसमोर बिअरचं नाव काढू नकोस, उगाच तिच्या मनाला लागेल. त्यामुळे सासूबाईंनी विचारलं तेव्हा उर्जा म्हणाली, "अहो आई, ते शेजारच्या आजोबांसाठी जर्मन आंबवण आहे." त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी उर्जा कामाला गेली. सासूबाईंनी माझ्या पोटाला हात लावून पाहिला आणि "अगं बाई, गारठलीय" असं स्वतःशीच म्हणाल्या. थंडीत डोशाचं पीठ वर येत नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. त्यांनी मला ओढत हीटरपाशी नेलं आणि अंगावरची तपकिरी शाल काढून मला गुंडाळली.

मित्रांनो, इतकी माया मला जन्मात कोणी केली नव्हती. पण पट्टीवरचा आकडा चढत होता. बावीस, चोवीस, सव्वीस. नळीतून बुडबुडे नुसते धावत सुटले. सुख मानावं की घाबरावं, मला काही कळेना.

संध्याकाळी उर्जा आली आणि जागीच थबकली. ही बिअर आहे, हिला ऊब चालत नाही, एवढंच सांगायचं होतं. पण आंबवण म्हणून बसल्यावर सांगणार कोणत्या तोंडाने? "बरं केलंत" असं पुटपुटली आणि सासूबाई झोपल्यावर मला बोळात ठेवून आली. सकाळी मी पुन्हा शालीत. असं चार दिवस चाललं. कोणाचं बरोबर, हे मी कोणाला विचारणार?

बिअर बाटल्यांत भरली गेली. दोन आठवड्यांनी वाढदिवस आला. वेंडेल आजोबांना मला पाहायचं होतं, म्हणून मलाही खाली नेलं. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि एकच शब्द बोलले. अन्वीने आजीला सांगितलं, "आजी, ओपाला, म्हणजे आजोबांना, यात केळ्याची चव लागतेय."

उर्जाचा चेहरा पडला. फार तापली म्हणून अशी चव आली, माझी चूक झाली, असं तिने जर्मनमध्ये आजोबांना सांगितलं. अन्वीने तेही आजीला सांगून टाकलं.

"तुझी कसली चूक? शाल माझी होती," स्नेहलताबाई म्हणाल्या. "बिअर आहे म्हणाली असतीस तर मी हातही लावला नसता."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी. घरभर वास सुटला होता, मला नाक नाही का?"

"मग तरी शाल का घातलीत, आई?"

"तू आंबवण म्हणाली होतीस ना? मी आंबवणाची काळजी घेतली. आज सांगेल, उद्या सांगेल, म्हणून वाट बघत होते."

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. उर्जाने डोळे पुसले आणि सासूबाईंचा हात धरला. वेंडेल आजोबांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी रिकामा ग्लास पुढे केला, आणखी हवी म्हणून.

ती आवडली म्हणून, की उर्जाला रडताना पाहून? चेहरा वाचण्यात माझी हयात गेली, पण तो चेहरा मला अजून उलगडलेला नाही.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. माझ्यासारखीला तारेच्या घासणीने घासू नका, ओरखडे कायमचे राहतात. आणि जे माणूस मायेने सांभाळतं, त्याला आत काय आहे ते सांगून ठेवा. पुण्याला परत जाण्याआधी स्नेहलताबाईंनी माझ्यावर ठळक अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवली, "बिअर. गार ठेवणे." आणि ती शाल घडी करून माझ्या झाकणावर ठेवून गेल्या.