जोडीची तार

दर गुरुवारी पुतण्या रोहित रंगनाथरावांना गाडीत बसवून फिजिओथेरपीला घेऊन गेला, की उज्वला दाराला आतून कडी लावायची आणि कपाटावरून त्यांचं मेंडोलिन खाली काढायची.

नवऱ्याच्या जुन्या हत्यारपेटीत फिलर गेज होता, पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात यंत्रांच्या फटी मोजायला त्यांनी तो नोकरीभर वापरला. उज्वला त्यातलं एकेक पातं तारांखाली सरकवून बघायची. तारा आणि खालचे मानेवरचे पितळी पडदे, म्हणजे तार जिथे दाबतात त्या पट्ट्या, यांच्यात किती जागा उरलीय, ते कळायचं. मग ती आठही तारा सैल करायची. तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी घोडीखाली दोन पितळी चक्रं होती. ती किंचित फिरवली की घोडी खाली बसे, आणि तिच्याबरोबर ताराही. शेवटी मोबाईल समोर ठेवून सगळ्या तारा पुन्हा सुरात आणायच्या. मोबाईलवरचा सूर दाखवणारा काटा अगदी मधोमध येईपर्यंत ती हलत नसे. नाशिकरोडच्या कॉलेजात तिने सगळी नोकरी भौतिकशास्त्र शिकवण्यात घालवली होती. केसभर सरकलेला काटाही तिला सहन होत नसे.

आजार नसांचा होता. डाव्या हातापासून सुरू झाला. डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं, औषध मात्र सांगितलं नाही.

आषाढात एकदा रंगनाथराव वाजवताना थांबले. तार दाबून दाबून त्यांची बोटं पांढरी पडली होती.

"पावसानं लाकूड फुगलंय गं. तारा वर चढल्यात."

लाकूड एवढं फुगत नाही, हे उज्वलाला ठाऊक होतं. गुरुवारी तिने घोडी पहिल्यांदा खाली केली. संध्याकाळी ते वाजवायला बसले, डोकं हलवत म्हणाले, "बघ, जरा ऊन पडलं आणि बसलं लाकूड जागेवर."

तेव्हापासून ती करतच राहिली. बोटांतलं बळ उतरे, तशा ती तारा उतरवी. वाद्य सोपं होत गेलं तर हात अवघड होतोय हे त्यांना कळणार नाही, एवढाच तिचा हिशेब होता.

भाद्रपदातल्या एका गुरुवारी गेजमधलं सगळ्यात पातळ पातंही तारेखाली जाईना. आता आणखी खाली काही नव्हतं. तरीही तिने चक्र थोडं फिरवलं.

संध्याकाळी रंगनाथरावांनी वाजवायला घेतलं, तर प्रत्येक सूर पडद्यांवर घासत, खरखरत निघाला. स्वयंपाकघरातून भिमाबाई कणीक भरल्या हातानेच बाहेर आली. "साहेब, आज बाजाचा घसा बसलाय का काय? लय खरखर करतोय."

"म्हातारा झालाय, भिमाबाई. मालकावर गेलाय."

ती हसत आत गेली. रंगनाथरावांनी मेंडोलिन मांडीवर आडवं ठेवलं.

"उज्वला, पुरे आता. घोडी वर कर."

"कसली घोडी?"

"तूच खाली केलीस, तूच वर कर."

"रोहितला संशय आला? त्यानं सांगितलं तुम्हाला?"

"त्या बापड्याला काय कळतंय! मला पहिल्याच गुरुवारी कळलं." त्यांनी एका जोडीवर तारा छेडायची नखी फिरवली. "प्रत्येक सुराला दोन तारा असतात. तू दोन्ही अगदी एकसारख्या लावतेस. काटा मधोमध. मी जन्मात कधी तशा लावल्या नाहीत. एक बरोबर, दुसरी केसभर उतरलेली. त्या केसभरानं सूर थरथरतो. तू लावलेला सूर बरोबर असतो, मॅडम, पण थरथरत नाही."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होतीस. तेही इतकं मन लावून. कसं मोडू?"

उज्वलाने मान खाली घातली आणि तारा सैल केल्या. चक्रं उलटी फिरवत फिरवत तिने घोडी आषाढात होती तिथे आणली. मोबाईल घ्यायला हात पुढे केला, तर ते म्हणाले, "तो नको. मी सांगतो. फिरव खुंटी. अजून. जरा अजून. थांब."

तिने जोडी छेडली. सूर हळूच फुगला, ओसरला, पुन्हा फुगला. वर्गात दोन सारख्या नादकाट्यांपैकी एकाला मेण लावून हे तिने दरवर्षी दाखवलं होतं, फळ्यावर सूत्र लिहिलं होतं. आवाज संपायच्या आत ती पुढच्या उदाहरणाकडे वळायची. आज तिने तो संपेपर्यंत ऐकला.

रंगनाथरावांनी डावं बोट तारेवर ठेवलं आणि दाबलं. तार जेमतेम वाकली, पडद्याला टेकली नाही. थप् असा एक बोथट आवाज झाला. त्यांनी पुन्हा दाबलं. मग बोट काढून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

"तारा सैल करून ठेवू का?" तिने विचारलं. "वाजवणार नसलं की सैल ठेवतात ना? नाहीतर वाद्याची मान वाकते."

"वाकू दे. तू रोज सूर लाव. बोटं गेली, कान आहेत अजून."

त्यानंतर ती रोज संध्याकाळी त्यांच्या पलंगाशी बसून आठही तारा लावू लागली. वाजवायचं कुणालाच नव्हतं, नुसतं लावणंच. दिवाळीच्या सुमारास त्यांची वाचा गेली. मग डोळे मिटले की 'थांब', असं ठरलं. कधी ते मुद्दाम एकच डोळा मिटायचे आणि ती म्हणायची, "अहो, नीट सांगा की!"

पौषातल्या एका संध्याकाळी ती शेवटच्या जोडीपाशी आली होती. खुंटी फिरवत तिने वर पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. तिने हात थांबवला.

"एवढ्यात?" तिने विचारलं. तिला वाटलं, थरथर अजून फार घाईची आहे, तार थोडी वर हवी. पण कानाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायचा नाही, हे तिने मनाशी ठरवलेलं होतं. मेंडोलिन मांडीवर घेऊन ती ते डोळे उघडायची वाट बघत बसली. भिमाबाई देवापाशी दिवा लावायला आली, तिची नजर पलंगाकडे गेली आणि तिच्या हातातली काडेपेटी खाली पडली, तोवर ती वाट बघत होती.

परवा रोहित कपाटाजवळ उभा राहून म्हणाला, "काकू, तारा सैल करून ठेवू का? मान वाकेल."

"राहू दे."

त्याने जाता जाता शेवटच्या जोडीवरून अंगठा फिरवला. तार त्या संध्याकाळपासून आणखी उतरली होती. किती वर हवी, ते उज्वलाला आता नुसत्या कानाने कळत होतं. तिने खुंटीला हात लावला नाही.