दगडाबाईचा इस्टो निघाला विमानाने

मित्रांनो, तीन पायांचा, पितळेच्या गोल पोटाचा आणि पंप मारला की भर्रर्र आवाज करत निळा जाळ देणारा स्टोव्ह तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलासुद्धा नसेल. तुमच्या घरी गॅस आहे. मी त्या जुन्या स्टोव्हांपैकी एक. माझ्या पोटाला पोचे आहेत, एक पाय थोडा वाकडा आहे, आणि पंपातलं चामड्याचं वायसर किती वेळा बदललं ते मलाही आठवत नाही. तरी मी पेटत होतो. निदान राकेल मिळत होतं तोवर पेटत होतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा साच्यात दाबला, जोड झाळले, मग पोटात हवा भरून मला पाण्यात बुडवलं. बुडबुडा आला नाही म्हणून मला पसंत केलं. पुढे गंगाखेडच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात बसलो. तिथून माणिकरावांनी मला उचललं. माणिकराव म्हणजे दगडाबाईचे मालक. लग्न नवं होतं आणि ऊसतोडीला जायची तयारी चालली होती.

"पाण्यापावसात लाकडं भिजतेत. हे असू दे जवळ," एवढंच ते म्हणाले.

दगडाबाईने मला पदराखाली धरून घरी नेलं आणि हळदकुंकू लावलं. त्या दिवसापासून मी तिचा इस्टो झालो.

दसरा झाला की आमचं बिऱ्हाड ट्रकमध्ये चढायचं. भाकरीच्या पिठाचं पोतं, कोयते, अंथरूण आणि मी. परमुलखातल्या उसाच्या फडावर पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, उभी राहायची. तिला दार नसायचं, भिंतही नावालाच. मित्रांनो, तुम्ही सुट्टीत तंबू घेऊन डोंगरावर राहायला जाता, वाऱ्यात स्टोव्ह पेटवता, त्याची तुम्हाला केवढी मौज वाटते. दगडाबाईने अर्धं आयुष्य तसंच काढलं. त्याला मौज म्हणतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

ती मला कोपीच्या आत कधीच पेटवत नसे. पाचट भडकायला वेळ लागत नाही. बाहेर पत्रा आडवा लावायची आणि त्याच्या आडोशाला मला बसवायची. तिचा मुलगा सुग्रीव कोपीतच जन्मला. त्याच्या पहिल्या अंघोळीचं पाणी माझ्यावर तापलं. आजूबाजूच्या कोप्यांतून बाया मला मागायला यायच्या.

"दगडे, तुझा इस्टो दे की जरा," शेजारची कडूबाई म्हणायची. "लेकराचं दूध कोमट करते."

"ने. पर पंप लय दाबू नको. तुझ्या नवऱ्यावानी भडकतंय ते."

"माझा भडकून इझतो तरी. तुझा नुसता धूर करतोय!"

सगळ्या बाया हसायच्या. माणिकराव ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मला परत आणताना कडूबाई टाकीत घोटभर राकेल घालून आणायची. तशी रीतच होती. भांडं असो, सूप असो की माझ्यासारखा स्टोव्ह असो, एका हातातून दुसऱ्या हातात रिकामं द्यायचं नाही. दगडाबाई ही रीत फार पाळायची. शेजारणीचं पातेलं परत करताना त्यात काही नाही तर साखरेची चिमूट तरी टाकायची. "रिकामं दिलं की घेणाऱ्याच्या घरी रिकामंपण जातंय," असं ती सुनेला सांगायची.

मग दिवस पालटले. माणिकराव गेले. घरी गॅस आला. रेशनवरचं राकेल बंद झालं. दगडाबाईने उरलेलं राकेल एका बाटलीत भरून देव्हाऱ्यामागे ठेवलं आणि मला माळ्यावर. तिथे कोळ्यांनी माझ्या पायांत जाळी विणली. मी वाईट वाटून घेतलं नाही. ज्याचं काम संपतं त्याला माळाच बरा.

मला खाली काढलं ते सुग्रीवच्या मुलीने. तिचं नाव पंकजा. ती गंगाखेडला कॉलेजात शिकते. दोर धरून कडे चढायला ती तिथेच शिकली आणि हिमालयातलं एक शिखर चढायला निघालेल्या तुकडीत तिची निवड झाली. आमच्या गल्लीत बर्फ पाहिलेलं माणूस नव्हतं. तंबू, बूट, झोपायची पिसांची पिशवी हे सगळं तिने उसनं मिळवलं. राहिला होता स्टोव्ह. तिचे सर फोनवर सांगत होते तेव्हा मी माळ्यावरून ऐकत होतो. वरच्या तळावर प्रत्येकाने आपापला स्टोव्ह आणायचा. बर्फ वितळवल्याशिवाय तिथे पाणी मिळत नाही. ज्याच्याकडे स्टोव्ह नाही, त्याने खालच्या तळावरच थांबायचं.

"गॅसचं नळकांडं इमानात चालत न्हाई," पंकजा सुग्रीवला समजावत होती. "काडेपेटी चालत न्हाई. राकेल तर मुळीच न्हाई, ते तिथल्या गावात मिळतंय. इस्टो चालतो, पर पार कोरडा पायजे. आत थेंब नको, वास बी नको. मी इमानवाल्यांला फोन करून इचारलंय."

"आन् हे पितळंचं धूड चालंल तिथं?"

"गॅस थंडीत मंद होतो आबा. ह्यो होत न्हाई. सर म्हणले, लय भारी हाय."

मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझ्याबद्दल कोणी असं बोललं! तिने मला खोलून सोड्याच्या कढत पाण्याने धुतलं, साबणाने धुतलं, परत धुतलं. बर्नर वेगळा, टाकी वेगळी करून पत्र्यावर उन्हात वाळत घातलं. संध्याकाळी टाकीला नाक लावायची, मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धुवायची. दगडाबाई ओट्यावर बसून बघत होती.

"कामून येवढं घासायलीस गं? झिजून जाईल ते."

"असू दे आज्जी. तुला न्हाई कळायचं."

असं म्हणून पंकजा हसली. म्हातारीही हसली. ती गोष्ट तिथेच राहिली.

निघायच्या दिवशी पंकजा अंघोळीला गेली होती. दगडाबाईने तिच्या पिशवीतून मला बाहेर काढलं. मला वाटलं, शेवटचं बघत असेल. तिने माझ्या पोटाला हळदकुंकू लावलं. मग देव्हाऱ्यामागची बाटली काढली, बुचभर राकेल मोजून माझ्या टाकीत ओतलं आणि झाकण घट्ट फिरवलं.

"पोरीच्या हाती रिकामा कसा देऊ तुला?" ती हळूच म्हणाली. "जाय. तिला ऊब दे."

मला सगळं ठाऊक होतं. आत थेंब नको, वास नको, हे शब्द मी ऐकले होते. पण स्टोव्हाला जाळ असतो, जीभ नसते.

हैदराबादपर्यंत आम्ही रेल्वेने गेलो. विमानतळाच्या दारात सुग्रीवला आत सोडेनात.

"जा आबा, तुमची परतीची गाडी सुटंल," पंकजा म्हणाली.

"पोचलीस की फोन कर. आन् त्या दोराला धरून ऱ्हाय."

"दोर मी धरते, तुमी डोळे पुसा," ती म्हणाली. तो हसला आणि गेला.

मोठ्या सामानाची पिशवी यंत्राखालून गेली आणि थांबली. तपासणीच्या साहेबांनी तिला बोलावलं. "ये क्या है, बेटा?" त्यांनी विचारलं. आवाज चढा नव्हता. पंकजाने सांगितलं, स्टोव्ह आहे, धुतलेला आहे. त्यांनी झाकण फिरवलं मात्र, वास बाहेर आला. त्यांनी मला तिरपं केलं. पांढऱ्या कागदावर राकेलचा ओला डाग पसरला.

"सर, मी स्वतः धुतलाय. रोज धुतलाय," पंकजा हिंदीत म्हणत होती. तेवढ्यात तिला माझ्या पोटावरचं ताजं कुंकू दिसलं. तिने त्यावर बोट ठेवलं. तिला सगळं कळलं होतं.

साहेबांनी पुढचं शांतपणे सांगितलं. आता पुसून उपयोग नाही, वास जात नाही. असा स्टोव्ह विमानाच्या पोटात पाठवता येत नाही. वर माणसं बसलेली असतात. बाहेर कोणी आपलं असेल तर त्याच्याकडे द्या, नसेल तर इथे सोडा. विमानाचं दार बंद व्हायला थोडाच वेळ आहे.

तिने सुग्रीवला फोन लावला. त्याची गाडी सुटली होती. त्याला काही न सांगता तिने सरांना लावला. ते तिची वाट बघत होते. विमान उतरलं की तिथूनच गाडी डोंगराकडे निघणार होती, वाटेत स्टोव्ह मिळेल असा बाजार नव्हता.

"दुसऱ्या कुणासोबत माझं भागवा ना, सर," ती म्हणाली.

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पंकजा म्हणाली, "बरं. मी खालीच थांबते." तिने फोन खाली घेतला तर तो पुन्हा वाजला. दगडाबाईचा होता. म्हातारीला फोनवर ओरडूनच बोलायची सवय, त्यामुळे तिचा शब्द न् शब्द माझ्यापर्यंत आला.

"बसला का गं माझा इस्टो इमानात?"

पंकजाने माझ्याकडे पाहिलं.

"बसला, आज्जी."

"मी समद्या गल्लीला सांगितलंय. म्हणलं, बर्फावर पेटणार हाय. समोरच्या सरजाबाईला तर खरंच वाटंना. पेटव बरं नीट. पंप लय दाबू नको."

"न्हाई दाबत."

"आन् पंकजे, त्यात थोडं राकेल घातलंय मी. रिकामा कशाला न्यायचा, म्हणलं."

"बरं केलंस, आज्जी," पंकजा म्हणाली. तिने फोन बंद केला, ओढणीने डोळे पुसले, पण माझ्या पोटावरचं कुंकू पुसलं नाही. मला टेबलावर सरळ उभं केलं आणि दोर, तंबू, बूट घेऊन ती आत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहून तरी काय करणार होती?

आता मी लायटर, चाकू आणि गॅसच्या नळकांड्यांसोबत एका खोक्यात आहे. एक दिवस आम्हाला वजनावर कोणीतरी नेईल. पितळ वितळवतील. त्याची मला फिकीर नाही. साहेबांचा मला राग नाही, त्यांनी बरोबर केलं. विमानात आग लागली तर पळायला फड नसतो. दगडाबाईचा राग कसा येईल? तिच्याजवळ द्यायला जे होतं तेच तिने दिलं.

मित्रांनो, वापरलेला स्टोव्ह विमानात नेऊ नका. न्यायचाच असेल तर विचारून, धुऊन, वाळवून न्या. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ घटकाभर बसा आणि तो कशासाठी धुताय ते सांगा. "तुला न्हाई कळायचं" असं म्हणू नका. त्यांना कळतं. कोपीत कधी जाळ करायचा नाही, हे दगडाबाईला कोणी शिकवलं होतं?

आणि कधी आमच्या गावाला गेलात तर ओट्यावर एक म्हातारी भेटेल. ती तुम्हाला सांगेल की तिचा इस्टो बर्फाच्या डोंगरावर जाऊन पेटला, आणि तिची नात त्यावर पाणी तापवून प्याली. तुम्ही तिला फक्त "होय आज्जी" म्हणा.