तांब्याचं बूड

प्रणित म्हात्रेच्या टेबलावर त्या शनिवारी सकाळी पॉलिश पेपरचे सात तुकडे होते: दोन चारशे नंबरचे, दोन सहाशेचे, दोन आठशेचे आणि हजाराचा एक, अजून कोरा. शिवाय फूटभर लांब जाड काच, मार्कर, दाढीचं ब्लेड, थर्मल पेस्टची अर्धी ट्यूब आणि मधोमध कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता ओढून घेणारा तांब्याच्या बुडाचा हीटसिंक.

काम जवळजवळ संपलं होतं. काचेवर पेपर चिकटवायचा, पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि हीटसिंक जोर न लावता, त्याच्या स्वतःच्याच वजनानं सरळ ओढायचा. बुडावर आधी मार्करनं आडव्या-उभ्या रेघा मारायच्या. सगळीकडची शाई एकदम गेली की बूड सपाट झालं. प्रणितनं ब्लेडची धार टेकवून बल्बसमोर धरली. धारेखालून उजेड कुठेच आला नाही. रंग मात्र जुन्या पैशासारखा मंद होता. हीटसिंक बसवून मशीन पूर्ण लोडवर चालवलं तर तापमानाचा आकडा चोपन्नावर थांबला.

हे सगळं रियासाठी. पनवेललाच अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या रियाचा प्रोजेक्ट सोमवारी द्यायचा होता आणि रेंडर व्हायला अख्खा दिवस न थांबता चालेल असं मशीन हवं होतं. तिचं स्वतःचं तापून बंद पडायचं. प्रणित किंवा त्याचा कॉलेजपासूनचा मित्र उदयसिंह, ज्याचं मशीन थंड राहील त्याच्या घरी रविवारी बसायचं, असं तिनं सांगून टाकलं होतं. निकाल संध्याकाळी लागणार होता. ती दिवसभर त्याच्या खोलीत, त्याच्या खुर्चीवर बसलेली असेल, आई तिला आंबोळ्या वाढेल, इथपर्यंत प्रणितचा विचार गेला होता.

दुपारी टपाल नाक्याजवळच्या चहाच्या टपरीवर उदयसिंहानं खिशातून रुमाल काढला आणि उलगडला. आत त्याचा हीटसिंक. भांड्यांना पॉलिश करणाऱ्याच्या फिरत्या चाकावर धरून त्यानं बूड असं लखलखीत करून आणलं होतं की त्यात टपरीवरच्या बरण्या दिसत होत्या. रियानं तो हातात घेतला, त्यात बघून टिकली नीट केली आणि हसली.

"हा मी घरी नेते. माझ्या आरशापेक्षा बरा आहे."

प्रणितनं सांगायचा प्रयत्न केला. चाकावर कडा जास्त झिजतात, मधे फुगवटा राहतो, प्रोसेसरला चकाकी नाही, सपाटपणा लागतो. पुरावा म्हणून खिशातलं ब्लेडही बुडावर टेकवून दाखवलं. दोन्ही बाजूंनी उजेडाची फट स्पष्ट दिसत होती. रिया मात्र अजून त्या तांब्यातच बघत होती.

"प्रोफेसर, तुझा आण ना संध्याकाळी," उदयसिंह म्हणाला. "आरसा आहे का तवा, बघू दे तिला."

रियाला हसू फुटलं. फार नाही, पण फुटलं.

प्रणित घरी आला. मशीनवरून आपला हीटसिंक काढला, पेस्ट पुसून त्यात तोंड बघितलं. एक तपकिरी डाग दिसला, नाक कुठे आणि डोळे कुठे काही कळेना. त्यानं पुन्हा ब्लेड लावलं. उजेड नव्हताच. त्याचं त्याला समाधान व्हायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर येत होती ती टिकली, आणि ती नीट करणारं बोट.

त्याची आई, दमयंतीबाई, दारात उभ्या राहून बघत होत्या. "सकालपासून घासतस. आता कोनाला दाखवाचा हाय रं?"

त्यानं हीटसिंक पिशवीत टाकला आणि बाजारातल्या त्याच पॉलिशवाल्याकडे गेला. चाक फिरू लागलं, तांबं उजळू लागलं. माणसानं पुसून दाखवलं तेव्हा प्रणितला त्यात स्वतःच्या भुवया दिसल्या.

"मघाशी एकानं आणला होता, त्याच्यापेक्षा जास्त झाला का?"

"तेवढाच झालाय."

"मग अजून मारा."

पाच मिनिटांनी भुवयांचे केससुद्धा सुटे दिसू लागले. ब्लेड टेबलावर राहिलं होतं. प्रणितनं खिसा चाचपलासुद्धा नाही.

संध्याकाळी उदयसिंहाच्या घरी रियानं तोही हातात घेतला, त्यात बघितलं आणि म्हणाली, "अय्या, हा तर जास्तच भारी."

प्रणितचे कान लाल झाले. त्यानं पेस्ट लावली, हीटसिंक बसवला, तिरप्या कोपऱ्यांतले स्क्रू आळीपाळीनं आवळले. दोघांची मशिन्स शेजारी ठेवून एकाच वेळी पूर्ण लोडवर लावली आणि तिघं अर्धा तास स्क्रीनसमोर बसले.

उदयसिंहाचा आकडा एकसष्टावर थांबला. प्रणितचा चौसष्टावर.