कुंभारांची पलटण

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या गृहस्थाने महिनाभर डोकं शिणवून आपल्या लाडक्या अंतराळयुद्धाच्या खेळाचे नियम राजेरजवाड्यांच्या जगात आणले. लेझरचे बाण झाले, रणगाड्यांचे हत्ती झाले आणि यंत्रमानवांच्या जागी भाले घेतलेले कुंभार आले. यंत्रमानव घाबरत नसत, पण माणसं घाबरणारच. म्हणून त्याने एक नियम नवा घातला: आपला एक जण पडला की फासा टाकायचा, आणि तीनपेक्षा कमी आले तर अख्ख्या पलटणीने पळायचं.

जेवणाच्या टेबलावर मेहुण्याने पहिलाच बाण सोडला. एक कुंभार पडला आणि बोटभर उंचीची पलटण मिठाच्या बरणीमागे पसार झाली. दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्यात गृहस्थाने नियमातल्या तिनाचे दोन केले, तरी लेकाचे पळालेच.

"नियमच भिकार आहे," तो फासा आपटत म्हणाला. "माझेच लोक माझ्यासाठी दोन मिनिटं उभे राहत नाहीत."

मेहुणा गालातल्या गालात हसला. कुंभारांचे चेहरे रंगवून देणारी त्याची बायको ताटं घेऊन ताटकळत उभी होती.

"भाले तू दिलेस त्यांच्या हातात," ती म्हणाली. "त्यांनी मागितले होते का?"