सत्तरच्या पुढची थरथर

"दमणीत बरं होतं वं," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "बैल दमला तर उभा तरी राहे. ह्या गाडीनं पोटातलं पानी हालून राहिलं."

पुढच्या सीटवर ऐकू जाऊ नये इतक्या हळू, पण मला न ऐकून चालणार नाही इतक्या जवळून. आम्ही दोघी मागे, मध्ये पुरणपोळ्यांचा स्टीलचा डबा. त्या डब्याचं झाकण कामठी मागे पडल्यापासून टकटक वाजत होतं. पुढे हे, म्हणजे माझे यजमान विश्वनाथ, स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून बसलेले. शेजारी माझे सासरे, चंपतराव. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून ते रस्त्याकडे असे बघत होते, की गाडी तेच हाकत आहेत.

"काहून कापून राहिली गा ही?" सासऱ्यांनी विचारलं.

"रोड खराब आहे, बाबा."

रोड चांगला होता. पावसाळ्यात इतका चांगला रोड मी पाहिला नव्हता.

कन्हान नदीच्या पुलाजवळ ह्यांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, चारही चाकांना एकेक लाथ मारली आणि जाहीर केलं, की रामटेक आज होत नाही. नवी गाडी आधी रामटेकला दाखवायची, मग शहराबाहेर कुठेही न्यायची, हा आमच्याकडचा रिवाज. पण रामाचं दर्शन हुकलं म्हणून ह्यांचं तोंड उतरलं नव्हतं. उलट परतताना खांदे जरा सैल झाले होते, आणि ते मला मागून स्वच्छ दिसत होते.

कारण मला ठाऊक होतं. रामटेकहून येताना सासरे म्हणणारच होते, आता गावाकडे वळव. गाव कन्हानच्या पलीकडे, मोठा रस्ता सोडून थोडं आत. आणि गावाकडे वळव म्हणजे गोठ्याकडे वळव. तिथे त्यांचे बैल, पाखऱ्या आणि शेंद्र्या होते. म्हणजे सासऱ्यांच्या हिशेबाने होते.

ते चैत्रातच विकले होते. सासरे डोळ्यावर पट्टी बांधून दवाखान्यात पडले होते, गुडघे आधीच गेलेले, शेत ठोक्याने दुसऱ्याला कसायला दिलेलं. बैलांना पाणी दाखवायलाही घरात माणूस नाही. गावातले ह्यांचे चुलतभाऊ रूपराव म्हणाले, गिऱ्हाईक चांगलं आहे. हे हो म्हणाले. डोळा बरा झाला की सांगू, असं ठरलं. मग दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आलं, मग धुळीत प्रवास नको आला. सासरे शहरात, नंदनवनच्या आमच्या घरात खाटेवर बसून दर दोन दिवसांनी विचारायचे, बैलं कशी आहेत. हे म्हणायचे, रूपराव बघतो, मजेत आहेत. सासूबाई त्या वेळी भाजी निवडत असत. मीही काहीतरी निवडत असे.

गाडी आली ती श्रावणात. नंबर लावून इतकी वर्षं झाली होती, की ती येईल ही आशा आम्ही सोडून दिली होती. शेजारचे ओमप्रकाशजी पेढे मागायला आले तेव्हा हे त्यांच्याकडे नुसते बघत राहिले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सासरे सकाळपासून अंगणात खाट टाकून बसले होते. त्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे असतात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हाताशी बैल नव्हते. दिवे लागायच्या सुमारास ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "एका वाटीत लोणी-हळद दे वं."

मी दिली. मग बघते तर म्हातारा अंगणात गाडीपुढे बसलेला. धोतराच्या फडक्याने तिच्या बॉनेटला, कडांना, चाकांना लोणी-हळद चोळतोय. दिसत नव्हतं नीट, म्हणून बोटांनी चाचपत. चोळून झाल्यावर त्यांनी तिच्या नाकापुढे वाकून रीतसर निमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

मध्येच त्यांनी पक्कड मागितली. सासूबाईंनी खिडकीतून विचारलं, "गाडीले येसण घालता का?"

त्यावर सासरे हसले. चैत्रानंतर पहिल्यांदा. आम्ही दोघी खिडकीतून बघत राहिलो. हे ऑफिसमधून आले, पिवळीधमक गाडी पाहिली, आणि तसेच हातपाय धुवायला गेले. रंग खराब होईल म्हणाले नाहीत. त्या दिवशी मला नवरा फार आवडला, हे इथे लिहायला हरकत नाही.

तर अशी ती गाडी. तोपर्यंत शहरातच फिरली होती, रिक्षा आणि गाईंच्या मधून. रामटेकच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा मोकळी पळाली आणि सत्तरच्या पुढे गेली, की थरथरायला लागली.

हे पाटबंधारे खात्यात. कालव्याची गळती शोधण्यात हयात गेलेली, त्यामुळे दोष सापडत नाही म्हणजे काय ह्यांना सहनच होईना. शोरूमवाले म्हणाले, "नई गाड़ी है साहब, चलेगी तो खुल जाएगी." ओमप्रकाशजी म्हणाले, हवा कमी करा. त्यांचा मेव्हणा म्हणाला, वाढवा. हवा कमी केली, वाढवली. डिकीत तांदळाचं पोतं ठेवून पाहिलं. पोतंही थरथरलं. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि पुढे लिंबू-मिरची बांधली. ती मिरची सत्तरला इतकी नाचायची, की ह्यांनी भर रस्त्यात उतरून तोडून टाकली.

"तू तरी काही सांग ना," हे माझ्यावर डाफरले. "मागे बसून नुसता डबा काय धरते?"

"डबाच सांगून राहिला," मी म्हटलं. "ऐका तरी त्याचं."

गाडीसोबत इंग्रजी पुस्तक आलं होतं. माझं इंग्रजी मुलांच्या शाळेच्या पुस्तकांतून उचललेलं, पण चित्रं सगळ्या भाषांत सारखीच असतात. मी डबा घेऊन पुढे बसले. साठला झाकण गप्प. सत्तरला टक. पंचाहत्तरला टकटकटक. मी म्हटलं, आता गिअर काढा आणि गाडीला नुसती पळू द्या. त्यांनी काढला. इंजिनाचा आवाज खाली गेला, झाकण मात्र वाजतच राहिलं.

"म्हणजे इंजिन नाही," हे म्हणाले.

"चाकं," मी म्हटलं.

घरी येऊन त्यांनी पुढचं एक चाक काढलं आणि डिकीतली स्टेपनी बाहेर घेतली. दोन्ही चाकं अंगणात शेजारी शेजारी ठेवली, आणि मला फरक दिसला. स्टेपनीच्या रिमच्या काठाला करंगळीच्या पेराएवढा शिशाचा तुकडा चिमटा घेतल्यासारखा बसवलेला होता. काढलेल्या चाकाला तो नव्हता.

"चाक एका अंगानं जड असते," हे हळूच म्हणाले. "तोल साधायले हे दुसऱ्या अंगाले वजन मारतात."

बाकीची चाकं पाहिली. एकालाही वजन नव्हतं. पण प्रत्येकाच्या काठावर ताजा ओरखडा होता, आणि ओरखड्याच्या खाचेत पिवळं काहीतरी वाळून बसलं होतं. ह्यांनी नखाने खरवडलं, बोट नाकाशी नेलं. मी वास घेतला नाही. लोणी मीच दिलं होतं.

"शोरूमवाल्यांनी लावलेच नसन," हे म्हणाले.

"नसन," मी म्हटलं.

खाटेवर सासरे बसले होते, काळा चष्मा आमच्या दिशेला. आम्ही चाक बसवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कॉटन मार्केटजवळच्या टायरवाल्याकडे चारही चाकांना वजनं मारून घेतली. कामठी रोडला गाडी ऐंशीवर गेली आणि झाकण वाजलं नाही. ते उगीच अडकलं तर नाही ना, म्हणून मी ते उघडून परत लावलं. वाटलं, संपली एकदाची कटकट.

घरात शिरताच सासऱ्यांनी विचारलं, "सापडलं का गा तिचं दुखनं?"

"नाही बाबा," हे म्हणाले. "अजून पाहून राहिलो."

मी पोळपाट आपटला. रात्रीची जेवणं होईपर्यंत थांबले आणि मग विचारलं, "काहून खोटं बोलले?"

"बरी झाली म्हटलं, तर उद्या चल म्हणतीन. मग काय दाखवू? रिकामे खुंटे?"

"आणि चाकांचं?"

"ते तर मुळीच बोलायचं नाही. तेवढं एक मनानं केलं त्यांनी."

यावर मी उरलेली भांडी आपटत घासली. मग सुरू झालं आमचं नाटक. दर रविवारी हे बऱ्या झालेल्या गाडीचं बॉनेट उघडून आत बघत उभे. ओमप्रकाशजी नवे सल्ले घेऊन हजर. ज्यांना ठाऊक नाही ते काळजीत, ज्यांना ठाऊक आहे ते चिडलेले, आणि गाडी चकाचक. सासूबाईंना मी काही सांगितलं नव्हतं, पण त्या एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "डबा आता वाजत नाही वं." मी म्हटलं, "नाही." त्यांनी पुढची जुडी घेतली.

सासरे मात्र घाई करत नसत. म्हणत, "जनावराचं दुखनं कळल्याबिगर त्याले जुंपू नये." मग खालचा ओठ चावत बसत.

दसरा आला. सकाळीच धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून सासरे गाडीत जाऊन बसले. मांडीवर आपट्याच्या पानांची फांदी.

"चाल गावले. देवाले सोनं वाहू, बैलाले वाहू. हळू हाकल, पन चाल."

दसऱ्याच्या दिवशी बापाला नाही कसं म्हणणार. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी डबा उचलला.

कामठीपर्यंत हे चाळिसावर. मागचे ट्रक हॉर्न मारून मारून पुढे गेले.

"थोडी सोड गा तिले," सासरे म्हणाले.

"कापते ना, बाबा."

"कापू दे. पाहू तर दे मले."

काटा साठवर गेला. सत्तर. पंचाहत्तर. डबा माझ्या मांडीवर मेल्यासारखा गप्प. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर.

सासऱ्यांनी काचेखालच्या पुढच्या पत्र्यावर पालथा हात ठेवला. बैलाच्या वशिंडावर ठेवत तसा, बोटं पसरून. बराच वेळ ठेवला.

"कापून नाही राहिली."

"स्टिअरिंगले थोडं येते अजून," हे म्हणाले.

सासऱ्यांनी तोच हात उचलून स्टिअरिंगवरच्या ह्यांच्या हातावर ठेवला.

"हे तुह्या हाताचं आहे, गाडीचं नाही."

कन्हानचा पूल ओलांडून ह्यांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. कोळशाचे ट्रक जवळून जात होते आणि प्रत्येकागणिक गाडी जराशी डुलत होती.

सासऱ्यांनी कमरेची चंची काढली. सुपारी बाजूला सारून शिशाचे तुकडे एकेक करून समोरच्या पत्र्यावर मांडले. बैलाला चारा टाकावा तसे, ओळीने.

"हे मीच काढले. पोळ्याच्या टायमाले. बोटाले टोचले, वाटलं गोचीड हायेत. म्हटलं, नव्या जनावराच्या अंगावर काहून ठेवा. मंग गाडी आजारी पडली, अन् मले समजलं. तू हिंडून राहिला ह्याच्याकडं, त्याच्याकडं, शिव्या खाऊन राहिला शोरूमवाला, अन् मी चंची दाबून बसलो. रोज म्हनो, आज सांगतो. पोराची नवी गाडी खराब केली म्हनून तोंड उघडे ना." ते थांबले. "झालं. सांगतलं. आता मोकळं वाटते."

ह्यांनी ते तुकडे उचलले नाहीत.

मी म्हणणार होते, की अहो बाबा, काही खराब नाही झालं, सगळं नीट झालंय. पण सासूबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि पुढच्या सीटच्या पाठीला तोंड लावून, रामटेकच्या रस्त्यावर माझ्या कानाशी बोलल्या होत्या त्याच आवाजात म्हणाल्या, "तुह्या बापानं तं सांगतलं गा. आता तूही सांग."

ह्यांनी किल्ली फिरवली. गाडी बंद झाली.

"बाबा," हे म्हणाले, "गोठ्यात कोनी नाही. पाखऱ्या अन् शेंद्र्या मी विकले."